कोपऱ्यातली पेन्सिल

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचंय कुमारवयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या एका कादंबरी-प्रकाराबद्दल. वरून रहस्यकथा आणि पोटात पहिलंवहिलं प्रेम.

इंग्लंडच्या होली जॅक्सन यांची 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर' ही कादंबरी २०१९ साली आली. सतरा वर्षांची पिप शाळेच्या प्रकल्पासाठी गावातलं पाच वर्षांपूर्वीचं एक खुनाचं प्रकरण उकरून काढते. ज्याच्यावर ठपका होता तो मुलगा आता हयात नाही. त्याचा धाकटा भाऊ रवी सिंग तिच्या मदतीला येतो. पुरावे जुळवता जुळवता ती दोघं एकमेकांची होत जातात. शेवट मी सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट सांगणं हा मी अपराधच मानते. एकाच माणसापाशी केलाय तो मी. तेच सांगते.

मी नववीत होते. तालुक्याचं गाव. वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ. वाचनालयाची वेळ अशीच हवी, शाळा सुटल्यानंतरची. सकाळी दहाला उघडून मुलांनी यायचं कसं? तर रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड मी ओळीनं वाचत होते. एका पुस्तकात समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं : 'हा नाही.' पुढच्या पुस्तकात, 'घड्याळाकडे बघा.' तिसऱ्यात, 'मामावर लक्ष ठेवा.' आणि अंदाज बहुतेक बरोबर!

कोण असेल? पुस्तकामागच्या तारखांच्या चिठ्ठ्या मी तपासल्या. एकदा अगदी नवं पुस्तक हाती आलं. चिठ्ठी कोरी, पहिला शिक्का माझाच. तरीही आत पेन्सिल होतीच. म्हणजे सभासदांच्याही आधी कुणीतरी वाचलेलं. ग्रंथपालांवर संशय घेतला, पण रजिस्टरातलं त्यांचं अक्षर गोल, हे तिरपं.

मग एके रात्री दिसलं. 'मामा' शब्दातला दुसरा 'मा' दोन पानांच्या मधल्या शिवणीत गेला होता. अर्धा दोऱ्याखाली. म्हणजे पुस्तक शिवण्याआधी लिहिलेलं!

नवी पुस्तकं वाचनालयात यायची ती पक्की बांधणी होऊन. बाजाराच्या मागे बायंडरचं दुकान होतं, तिथे मी गेले. खळीचा वास, उसवलेल्या जुजांचे, म्हणजे शिवायच्या घडीच्या पानांच्या जुड्यांचे ढीग, आणि सुईदोरा घेऊन बसलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. मी पुस्तक पुढे केलं. "हे तुम्ही लिहिता?"

त्यानं सुई खाली ठेवली. "तुम्ही वाचता होय ते?"

जो जुज हातात येईल तो शिवता शिवता वाचायचा, असं त्याचं वाचन. कधी आधी मधला, कधी आधी पहिला. शेवटचा बरेचदा मालक शिवायचे, म्हणून शेवट त्याला मिळायचाच नाही. सगळे अंदाज असे अर्ध्या पुस्तकावर बांधलेले. त्यानं विचारलं, "मामाच होता का?"

मी सांगितलं. पुढे दर गुरुवारी वाचनालयातून येताना मी दुकानाच्या पायरीशी थांबून शेवट सांगत गेले. तो ऐकताना हातातलं काम थांबवायचा. तो कुठे हसेल, हे मला हळूहळू आधीच कळायला लागलं.

श्रोतेहो, मला एवढंच म्हणायचंय. कुणावर संशय घ्यायचा तर त्याला निरखावं लागतं, आणि कुणावर जीव जडायचा तरी निरखावंच लागतं. डोळे तेच. म्हणून ही दोन सूत्रं एका कथेत इतकी घट्ट बसतात. पुन्हा सांगते, निरखणं तेच. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आहे, त्यात शोध आहे. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'त मुकुंद आणि शिरोडकर आहेत, त्यात ओढ आहे. दोन्ही एकाच पुस्तकात, आपल्या गावच्या, आपल्या भाषेतल्या मुलामुलींचं, असं मला हवं तेवढं वाचायला मिळालेलं नाही. लिहिणाऱ्यांनो, लिहा हो. आणि पालकांनो, पंधराव्या वर्षीच्या मुलांच्या हातून अशी पुस्तकं काढून घेऊ नका.

हं, तर त्या दिवाळीनंतर आलेल्या एका पुस्तकात पहिल्याच पानावर तेच तिरपं अक्षर होतं : 'याचा शेवट सांगू नकोस. एकत्र वाचू.' तोवर आम्ही एकमेकांना तुम्हीच म्हणत होतो. ते 'नकोस' मी कितीदा वाचलं असेल!

गुरुवारी दुकान बंद झाल्यावर वाचनालयाच्या ओट्यावर बसलो, मधे पुस्तक. गुन्हेगार कोण निघाला ते आता आठवत नाही. माझी ओळ संपली की नाही हे तो माझ्या डोळ्यांकडे बघून ठरवायचा आणि मगच पान उलटायचा.

नमस्कार.