गडावरच्या गारठ्यासाठी विणलेली टोपी

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबरातही पंखा लावून झोपणाऱ्या आपल्या ठाणेकरांना लोकरीची टोपी अनावश्यक वाटणे स्वाभाविक आहे. मात्र याच ठाणे स्टेशनच्या फलाटावरून शनिवारी रात्री पाठीवर सॅक घेतलेली मुलेमुली शेवटच्या कसारा लोकलमध्ये चढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळसूबाईच्या शिखरावर, म्हणजे 1646 मीटर उंचीवर, उभी असतात. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे आपल्या खाडीकाठापेक्षा तिथे सुमारे दहा अंश कमी असतात आणि वर बोचरा वारा असतो तो वेगळाच. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते असे पुष्कळ जण सांगतात, ते खरे नाही. पण बाकीचे अंग कपड्यांनी झाकलेले असताना वाऱ्याला उघडे सापडतात ते डोके आणि कान, आणि म्हणून ते झाकायचे असतात.

आधी लोकरीविषयी. आपल्या दुकानांतून लोकर म्हणून जे गुंडे मिळतात, ते पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकचे असतात. ओळखण्याची रीत सोपी आहे. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरडता आली, तर ती खरी लोकर. वितळून टणक मणी झाला, तर ते अ‍ॅक्रिलिक. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतका दमटपणा शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. चढताना घाम येतो आणि माथ्यावर तोच घाम गार पडतो, तेव्हा या गुणाचे मोल कळते. अ‍ॅक्रिलिकची टोपी हलकी असते आणि लवकर वाळते, पण ती घालून शेकोटीला खेटून बसू नये, कारण ठिणगी पडली तर ती वितळते. सुती टोपी मात्र थंडीच्या ट्रेकला नेऊच नये, कारण ती एकदा भिजली की ऊब उरत नाही.

आता ज्या हकिकतीसाठी मी मुख्यतः आपल्यासमोर आले आहे, ती सांगते. नौपाड्यात आमच्या इमारतीत पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक मावशी राहतात. त्यांचा नातू मित्रांबरोबर मोटरसायकलींवरून कसारा घाटमार्गे बारी गावी निघाला होता. रात्री गावात मुक्काम करून पहाटे कळसूबाई चढायचा असा बेत होता. मावशींना त्याच्यासाठी टोपी विणायची होती, पण तो डोक्याचे माप काही देईना. “आजी, हुडी आहे ना! टोपी कोण घालतं हल्ली?” असे म्हणून तो निघून जाई. मावशींनी त्याच्याशी वाद घातला नाही. दाराजवळच्या खुंटीवरचे त्याचे हेल्मेट त्यांनी काढले, आतले अस्तर बाजूला करून भिंगाने चिठ्ठी वाचली आणि मला हाक मारून म्हणाल्या, “पाचशे ऐंशी मिलिमीटर. अठ्ठावन्न सेंटीमीटरचं डोकं आहे पोराचं!”

अठ्ठावन्नातून त्यांनी सहा वजा केले. हे नीट ऐकावे, कारण नवशिके नेमके इथेच फसतात: टोपीचा घेर डोक्याच्या मापापेक्षा पाच-सहा सेंटीमीटर कमीच ठेवायचा, म्हणजे वीण ताणून बसते आणि वाऱ्याने टोपी उडत नाही. आठ नंबरच्या, म्हणजे चार मिलिमीटरच्या सुयांवर मावशींच्या हाताने दहा सेंटीमीटरांत बावीस टाके बसतात. त्या हिशेबाने त्यांनी 114 टाके घातले आणि तेही सैल घातले, नाहीतर कड कपाळाला काचते. मग दोन सुलट, दोन उलट अशी बारा सेंटीमीटरांची पट्टी विणली, कारण ती दुमडून कानांवर दुहेरी यायची होती. टोपी तयार झाल्यावर त्यांनी ती नातवाला न विचारता त्याच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवली.

पुढचे त्या मुलाने मला स्वतः सांगितले. लोखंडी शिड्या चढून मुले देवीच्या देवळापाशी पोहोचली, तेव्हा उजाडायला अवकाश होता. सुती हुडी पाठीपासून टोपापर्यंत घामाने ओली झालेली होती आणि वाऱ्याने ती बर्फासारखी गार पडली. पाण्याची बाटली काढताना हाताला टोपी लागली. त्याने ती घातली, पट्टी कानांवर ओढली आणि थोड्याच वेळात त्याचे दात वाजायचे थांबले. मित्रांनी ते पाहिले. मग पन्नास आकडे मोजेपर्यंत एकाने घालायची, पुढचे पन्नास दुसऱ्याने, अशी ती टोपी सूर्य वर येईपर्यंत पाच डोक्यांवरून फिरली.

पुढच्या रविवारी सकाळी मावशींच्या दारात चौघे जण आपापली हेल्मेटे हातात घेऊन उभे होते. मावशींनी सगळ्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या, कागदावर मापे मांडली आणि सांगितले, “लोकर तुमची, सुया माझ्या, विणायचं मात्र तुम्ही.” मला हे फार योग्य वाटले. आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला विणकाम मुलींनाच शिकवीत, मुलांना नाही. ज्या मुलांना पुढे डोंगर चढायचे असतात त्यांना दोन सुया हाती धरता येऊ नयेत, हे मला आजही पटत नाही. चौघांपैकी तिघांनी पट्टीपर्यंत मजल मारली, पण एकाने संपूर्ण टोपी पुरी केली. त्याने मावशींसारखेच 114 टाके घातले होते, तरी टोपी त्याच्या डोक्यात शिरेना, कारण त्याचा हात घट्ट होता आणि दहा सेंटीमीटरांत बावीसऐवजी सव्वीस टाके बसले होते. ती टोपी त्याच्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावर अगदी बेताची बसली. मावशींनी लगेच त्याला दुसरा गुंडा दिला आणि आधी हातभर नाही, वीतभर चौकोन विणायला लावला. तेव्हा पुन्हा सांगते: आधी नमुना विणावा, टाके मोजावेत, मगच टोपीला सुरुवात करावी.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून राहिलेले काम थोडक्यात. पट्टीसह वीस सेंटीमीटर सरळ विणल्यावर कडेचा एकेक टाका शिवणीसाठी सोडून उरलेल्या 112 टाक्यांचे चौदाचे आठ भाग करावेत आणि एकाआड एक ओळीत प्रत्येक भागाचे शेवटचे दोन टाके एकत्र विणावेत. आठ भागांत एकेक टाका उरला की धागा त्यांतून ओवून आवळावा. शिवण घालताना दुमडणाऱ्या पट्टीची शिवण उलट बाजूने घ्यावी, म्हणजे दुमडल्यावर ती दिसत नाही. वर गोंडा लावू नये, हेल्मेटखाली तो टोचतो. खऱ्या लोकरीची टोपी गार पाण्यात धुवावी, पिळू नये, टॉवेलवर पसरून सावलीत वाळवावी. आणि चढत असताना ती घालू नये. माथ्यावर थांबताक्षणी, घाम गार पडण्यापूर्वी घालावी, त्यासाठीच ती सॅकच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवावी.

नमस्कार.