कोरिंथचे मातीचे पाय

नमस्कार श्रोतेहो.

आज अर्ध्या दिवसाची गोष्ट सांगते. सकाळी आठला अथेन्समधून निघायचं, प्राचीन कोरिंथचे अवशेष बघायचे आणि दुपारी उशिराच्या जेवणाला परत. बस नाही, झेंडी धरून पुढे चालणारा गाइड नाही, "चला चला, दहा मिनिटांत गाडीत बसा" नाही. आपण ठरवलेली गाडी आणि आपलीच माणसं.

माणसं तीन. एक मी. दुसरा माझा भाचा, ग्रीक मालकाच्या मालवाहू जहाजावर इंजिनिअर. अथेन्सच्या पिरियस बंदरात तो साइन ऑफ होणार होता, म्हणजे कराराचे महिने संपवून उतरणार होता, म्हणून आम्ही चार दिवस काढून तिकडं गेलो. तिसरी माझी आत्या. कोल्हापूरची, वय 74, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र ठणठणीत. अक्रोपोलिस चढून झालं होतं, म्हणजे आम्ही चढलो होतो आणि आत्या खाली बाकावर बसली होती. शेवटच्या दिवशी विमान रात्रीचं. मधला अर्धा दिवस मोकळा.

अर्ध्या दिवसात अथेन्सहून दोन ठिकाणं नीट होतात. दुपारी निघायचं असेल तर सुनियो. तिथं समुद्राच्या टोकावर पोसायडनचं, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाचं, देऊळ आहे, साधारण 70 किलोमीटरवर, आणि सूर्यास्त बघून परतता येतं. तिथल्या एका खांबावर कवी बायरनचं म्हणून एक कोरलेलं नाव दाखवतात, लोक त्याचे फोटो काढतात. आपल्याकडं पन्हाळ्यावर कुणी बदामात बाण काढून नाव कोरलं की आपण त्याला शिव्या घालतो. माझं म्हणणं, दोघांनाही सारख्याच घालाव्यात. असो. सकाळी निघायचं असेल तर कोरिंथ. साधारण 80-85 किलोमीटर, मोठा रस्ता, सव्वा तास.

आता एक गोष्ट कान देऊन ऐका, पुढं तिचं काम आहे. ग्रीसमध्ये ड्रायव्हर वेगळा आणि गाइड वेगळा. अवशेषांच्या कुंपणाच्या आत माहिती सांगायची तर सरकारी परवान्याचा गाइड लागतो. ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी तो फाटकाशी थांबतो. आमची गाडी ज्यांनी ठरवून दिली, त्यांनी फोनवर "ड्रायव्हर-गाइड, दोन्ही एकच" असं छातीठोक सांगितलं होतं. ते मी धरून चालले आणि फसले. तुम्ही विचारून घ्या. ड्रायव्हर वेगळा, गाइड वेगळा. तिकिटाचे पैसेही गाडीच्या भाड्यात असतात की नाही, तेही त्याच फोनवर विचारा.

तर निघालो. एलेफ्सिनाच्या खाडीत जुनी जहाजं नांगरून पडलेली दिसली, भाचा खिडकीला चिकटला. पुढं काकिया स्काला नावाचा कडा लागतो. तिथं म्हणे स्किरॉन नावाचा दरोडेखोर वाटसरूंना पाय धुवायला लावायचा आणि लाथ मारून समुद्रात ढकलायचा, मग थेसिअस नावाच्या वीरानं त्याचीच तशी गत केली. हे ड्रायव्हरनं सांगितलं. रस्त्यावर त्याला सांगायची मुभा होती.

मग कोरिंथचा कालवा, दोन समुद्रांना जोडणारा. गाडी पुलाशी थांबवतात, आपण चालत मधोमध जायचं आणि खाली बघायचं. दोन्ही बाजूंनी सुरीनं कापल्यासारखे सरळ कडे, काही ठिकाणी 75 मीटरहून उंच, आणि तळाशी निळी रेघ. लांबी 6 किलोमीटरहून थोडी जास्त, रुंदी पाण्यापाशी जेमतेम 25 मीटर. रोमन बादशहा नीरोनं इ.स. 67 मध्ये इथं खणायला सुरुवात केली, हजारो युद्धकैदी लावले, पण तो गेला आणि काम बंद पडलं. पुरा झाला तो 1893 साली. त्याच्याही आधी, इ.स.पू. 600 च्या सुमारास, इथं दगडी फरसबंदीची वाट होती आणि तिच्यावरून जहाजं जमिनीवर ओढत या समुद्रातून त्या समुद्रात नेत. पेलोपोनेसला, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाला, वळसा घालायचा तर साधारण 700 किलोमीटरचा फेरा, त्यापेक्षा ओढलेलं बरं.

भाचा म्हणाला, "आजी, माझं जहाज 32 मीटर रुंद आहे. यात शिरणारच नाही."

आत्या म्हणाली, "मग खणला कशापायी?"

या प्रश्नाचं उत्तर भाच्याकडं नव्हतं. मोठी मालवाहू जहाजं आज इथून जातच नाहीत, लहान बोटी आणि पर्यटकांच्या बोटी जातात.

याच भागात इस्थमिया आहे, पोसायडनचं मोठं क्षेत्र. कोल्हापूरकरांना हा देव परका नाही. ब्रह्मपुरीच्या उत्खननात याच पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली. टाऊन हॉल म्युझियमची ती शान. कितीतरी कोल्हापूरकर पॅरिस बघून आले, पण टाऊन हॉलच्या पायऱ्या चढले नाहीत. मी नावं घेत नाही, आमच्याच घरात आहेत.

प्राचीन कोरिंथ हे आता एक लहानसं गाव आहे आणि गावाला लागूनच अवशेषांचं कुंपण. फाटकाशी ड्रायव्हर थांबला. "मी इथंच." मी म्हटलं, "आणि माहिती कोण सांगणार?" तो हसला आणि चौकातल्या झाडाखालच्या खुर्चीकडं बोट दाखवून निघून गेला. म्हटलं ना, ड्रायव्हर वेगळा, गाइड वेगळा.

आत गेल्यावर समोरच अपोलोचं देऊळ. इ.स.पू. सहाव्या शतकातलं. 38 खांबांपैकी आज सात उभे आहेत आणि प्रत्येक खांब अख्ख्या एका दगडाचा. ग्रीक खांब बहुधा चकत्या रचून केलेले असतात, हे नाहीत. बाकीचं बरंचसं शहर रोमन, कारण इ.स.पू. 146 मध्ये रोमन सेनापती मुम्मिअसनं जुनं कोरिंथ उद्ध्वस्त केलं आणि शंभर वर्षांनी, इ.स.पू. 44 मध्ये, ज्युलिअस सीझरनं ते पुन्हा वसवलं. बाजारपेठेच्या मधोमध एक दगडी चौथरा आहे, बेमा. संत पॉलला गॅलिओ नावाच्या रोमन सुभेदारापुढं इथंच उभं केलं होतं असं मानतात. ख्रिस्ती भाविक तिथं डोळे मिटून उभे राहतात. पॉल दीड वर्ष कोरिंथमध्ये राहिला आणि तंबू शिवून पोट भरत होता, हे मला फार आवडतं.

आत्या चार पावलं चालली आणि बसली. "पडक्या भिंती तर आपल्या पन्हाळ्यावर बी हाईत. ऊन मात्र हितलं जास्त हाय." खरं होतं. मे महिना, सकाळचे दहा, आणि सावली म्हणाल तर खांबाची, तीही बोटभर. पाणी घेऊन जा. टोपी घेऊन जा. संगमरवर गुळगुळीत झालेला असतो, चपलेनं जाऊ नका. वर अक्रोकोरिंथचा डोंगर 575 मीटर उंच, त्यावर किल्ला. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच नमस्कार करावा.

म्हणून आत्याला आधी म्युझियममध्ये नेलं. सावली आणि बाक, हेच कारण, दुसरं काही नाही. तिकीट एकच असतं, अवशेषांचं आणि म्युझियमचं मिळून. या म्युझियमवर 1990 मध्ये दरोडा पडला होता, पावणेतीनशेहून जास्त वस्तू गेल्या होत्या. नऊ वर्षांनी त्यातल्या बऱ्याचशा सापडल्या, कुठं? अमेरिकेत, मायामीला, मासळीच्या खोक्यांत. हे मी आत्याला सांगत होते आणि ती ऐकत नव्हती. ती एका कपाटापुढं उभी होती.

कपाटात पाय होते. मातीचे, भाजलेले, खऱ्या पायाएवढे. एक, दोन नाही, ओळीनं. शेजारी हात, बोटांसकट. कान. डोळे. स्तन. आणि भाच्याला "तू जरा तिकडं बघ" म्हणावं असेही काही अवयव. कोरिंथमध्ये अस्क्लेपिओसचं, म्हणजे ग्रीकांच्या वैद्यदेवाचं, स्थान होतं. तिथल्या उत्खननात हे सगळं निघालं. इ.स.पू. पाचव्या-चौथ्या शतकातलं.

मी पाटी वाचायला लागले. इंग्रजीतून मराठी करता करता अडखळत होते, "हे अवयव... देवाला अर्पण..."

आत्या म्हणाली, "वाचू नको. नवसाचं हाय."

आणि मग श्रोतेहो, फाटकाबाहेर राहिलेल्या गाइडचं काम आत्यानं केलं. परवाना नव्हता तिच्याकडं, पण मराठीत बोलत होती, कुणाला कळणार? म्हणाली, "डोळं आलं की देवीला चांदीचं डोळं. पोर झालं की पाळणा. पाय धरला की पाय. ह्यांच्याकडं चांदी नसंल, मातीचं वाहिलं." मला वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा आठवली, तिथं मेणाचे हातपाय विकायला असतात. तेही तिला सांगितलं. तिनं मान डोलावली, जसं काही मी तिचंच म्हणणं उशिरा कबूल करत होते.

मग तिनं जे सांगितलं, ते पाटीवर नव्हतं. "नवस बोलायचा आधी आणि फेडायचा नंतर. गुण आल्याबिगर कोन वाहतंय? तवा ही काय दुखण्याची माणसं न्हाईत. ही सगळी बरी झालेली माणसं हाईत."

मी पुन्हा कपाटाकडं बघितलं. आतापर्यंत मला तिथं तुटके अवयव दिसत होते. आता पायांचे मालक दिसायला लागले, चालत घरी निघालेले. आत्या एका पायापुढं जास्त वेळ थांबली, डावा होता, तिचाही डावाच जास्त दुखतो. काचेला हात लावणार तेवढ्यात पहारेकरीण बाईंनी "नो, नो" केलं. आत्यानं हात मागं घेतला आणि त्यांना नमस्कार केला. बाई गोंधळल्या.

बाहेर चौकात ड्रायव्हरबरोबर कॉफीला बसलो. कपाच्या तळाशी गाळ राहतो, शेवटचा घोट घेऊ नका, हेही सांगून ठेवते. आत्यानं स्वतःचा गुडघा थोपटून, हातानं पाय घडवल्यासारखं करून, वर देवाकडं बोट दाखवून त्याला सगळा नवस समजावला. भाचा भाषांतर करणार होता, गरज पडली नाही. ड्रायव्हर एकदम म्हणाला, "तामा!" म्हणजे त्यांच्याकडचं नवसाचं वाहणं, आणि मोबाइलवर फोटो दाखवला. चर्चमधली मेरीची तसबीर आणि तिच्याखाली दोरीला लटकवलेले पातळ पत्रे. पत्र्यांवर उठावात हात, पाय, डोळे, तान्ही बाळं. त्यातला एक पाय त्याच्या आईचा होता. अडीच हजार वर्षांत देव बदलला, धर्म बदलला, पाय वाहणं चालूच आहे.

झालं. परतीच्या वाटेवर ठरलेलं जेवण रद्द. अथेन्समध्ये कॅथेड्रलच्या आसपास चर्चच्या सामानाची दुकानं आहेत, मेणबत्त्या, तसबिरी, झगे. ड्रायव्हरनं तिथं नेलं, वेटिंगचे पैसे न लावता. (आपली स्वतंत्र गाडी असल्याचा फायदा हाच. बसमधल्या चाळीस जणांना तुम्ही पायासाठी थांबवू शकत नाही.) आत्यानं पत्रे वरखाली करून बघितले. एका पायाचा वेगळा, दोन पायांचा वेगळा. दोन पायांचा घेतला, घासाघीस करून, कोल्हापुरीत. दुकानदारानं किंमत कमी केली, का ते मला अजून कळलेलं नाही.

कोल्हापुरात आल्यावर तो पत्रा घेऊन ती गुजरीत गेली. सोनारानं कसाला लावला आणि म्हणाला, "काकू, ही चांदी न्हवं. नुसता मुलामा हाय. आमच्याकडं ह्यापेक्षा चांगला घडवून मिळंल."

"ते मला ठाऊक हाय," आत्या म्हणाली, आणि परत पिशवीत टाकला.

आता घरात वाद असा, की हा वाहायचा कुणाला? माझी बहीण म्हणाली, ख्रिस्ती देवाचा आहे, चर्चमध्ये द्यावा. आत्या म्हणाली, "पाय माझा, देव माझा. पत्रा त्येंचा असला म्हणून काय झालं?" अंबाबाईला वाहायचा, असं तिचं ठरलंय. पण अजून वाहिलेला नाही. गुडघा दुखतोच आहे, आणि गुण आल्याबिगर कोण वाहतंय? पत्रा कपाटात आहे, तासगावच्या बेदाण्यांच्या डब्यामागं. बेदाण्यांवरून आठवलं, इंग्रजीतले ते बारीक काळे 'करंट', त्यांचं नाव कोरिंथवरूनच पडलं. शिऱ्यात मात्र आपला तासगावचाच घालावा, यावर माझ्याशी वाद घालू नका.

परवा आत्याचा फोन आला. म्हणाली, "काय गं, त्या पायवाल्यांना खरंच गुण आला व्हता का, ह्ये कुठं लिवून ठेवलंय का?"

मी सांगितलं, ठेवलंय. कोरिंथला नाही, एपिडॉरसला. तिथं अस्क्लेपिओसचं सगळ्यात मोठं क्षेत्र होतं, आणि कोण कुठलं दुखणं घेऊन आलं, रात्री देवळात झोपलं, स्वप्नात काय दिसलं आणि सकाळी कसं बरं झालं, ते दगडावर कोरून ठेवलंय. लंगडे आहेत, आंधळे आहेत, सगळे आहेत.

थोडा वेळ पलीकडं आवाज नव्हता. मग म्हणाली, "तिकडं अर्धा दिवस पुरंल?"

नाही पुरणार, श्रोतेहो. अथेन्सहून जायलाच दोन तास लागतात. एपिडॉरसला अख्खा दिवस काढावा लागतो, आणि गाइड वेगळा ठरवावा लागतो.

नमस्कार.