रेव्हरंड जोन्स यांचा कॅमेरा

(दृश्य: नदीतला बाप्तिस्मा)

अमेरिकेतलं ओक्लाहोमा राज्य, १९२० चं दशक. फिल्म मुकी आहे, त्यामुळे काठावर कुणी गात असेल तर ते आपल्याला ऐकू येणार नाही. पाण्यातली माणसं काळी आहेत, आणि कॅमेऱ्यामागचा माणूसही त्यांच्यातलाच: रेव्हरंड सॉलोमन सर जोन्स, बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले, जन्म १८६९ चा, टेनेसीतला. १८८९ मध्ये ते ओक्लाहोमात आले. १५ चर्च उभी केली. कॅमेरा हाती आला तो पन्नाशी उलटल्यावर.

(दृश्य: अक्षरांचा फळा)

हा फळा नीट बघा. सुटी अक्षरं जुळवून त्यावर ठिकाणाचं नाव लावायचं, आधी त्याचं चित्रण करायचं आणि मग माणसांकडे वळायचं. एकट्या माणसाने केलेली ही सोय आज अभ्यासकांच्या केवढी कामी येते!

१६ मिलिमीटरची फिल्म कोडॅकने १९२३ साली बाजारात आणली. कॅमेरा, तिवई, प्रोजेक्टर आणि पडदा मिळून किंमत ३३५ डॉलर. तेव्हा फोर्डची साधी मोटार याहून स्वस्त होती. पण ही फिल्म सहजासहजी पेट घेत नसे आणि वेगळ्या निगेटिव्हचा खर्चही नव्हता. १०० फुटांच्या रिळात जेमतेम ४ मिनिटं बसत, म्हणजे काय घ्यायचं ते आधीच ठरवावं लागे.

(दृश्य: शाळा, दुकानं, मिरवणूक)

जोन्स यांनी शाळा घेतल्या. न्हाव्यांची दुकानं, कॉलेजं, घरासमोर उभी कुटुंबं, फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या सभा, अंत्ययात्रा. गुलामगिरी संपल्याचा जुनटीन्थचा उत्सवही. याच काळात हॉलिवूडच्या पडद्यावर काळा माणूस दिसे तो बहुतेक नोकर नाहीतर विदूषक म्हणून.

(दृश्य: तेलविहीर)

या तेलविहिरींचे मालकही काळे. इतकी जमीन त्यांच्या हाती आली कशी? क्रीक या मूळनिवासी राष्ट्रात काळे गुलाम होते. १८६६ च्या तहाने ते मुक्त झाले आणि क्रीक नागरिक ठरले. पुढे अमेरिकी सरकारने राष्ट्राची सामायिक जमीन मोडून माणशी १६० एकर वाटली, तेव्हा त्यांनाही वाटा मिळाला. काहींच्या जमिनीखाली तेल निघालं. अल्पवयीन मुलांचे ‘पालक’ नेमले गेलेल्या गोऱ्यांनी त्यातलं पुष्कळ लुबाडलंही. दक्षिणेतला जाच चुकवून जोन्स यांच्यासारखे इतरही आले आणि काळ्यांनीच वसवलेली ५० हून अधिक गावं या मुलखात उभी राहिली.

(दृश्य: टल्सा)

ओक्लाहोमातलं टल्सा शहर. ३१ मे आणि १ जून १९२१ ला गोऱ्या जमावाने इथली काळ्यांची ग्रीनवुड वस्ती जाळली. चार रस्त्यांमधले एकेक असे ३५ भाग बेचिराख झाले, मृतांचा अंदाज ३०० पर्यंत जातो. या फिती त्यानंतरच्या आहेत. विमा कंपन्यांनी दंगलीच्या कलमावर बोट ठेवून भरपाई नाकारली. नगर प्रशासनाने इमारतींचे नियम असे कडक केले, की गरिबाला घर पुन्हा बांधताच येऊ नये. वकील बी. सी. फ्रँकलिन यांनी तंबूत कचेरी थाटली आणि कोर्टात ते नियम हाणून पाडले. १९२५ मध्ये काळ्या व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन याच शहरात भरलं. ग्रीनवुड म्हटलं की आपल्यासमोर धुराचेच फोटो येतात. धुरानंतरची ही रहदारीही तेवढ्याच वेळा दाखवायला हवी.

(दृश्य: परदेश प्रवास)

हा फ्रान्स, हे इंग्लंड, हे पॅलेस्टाइन. १९२५ चाच प्रवास. ज्याच्या आईवडिलांना मालकाच्या परवानगीवाचून गाव सोडता येत नव्हतं, तो इथे युरोपकडे कॅमेरा रोखून उभा आहे.

(दृश्य: पुन्हा ओक्लाहोमाचे रस्ते)

जोन्स १९३६ मध्ये वारले. ग्रीनवुड पुन्हा उभं राहिलं आणि नंतर त्याच्या छातीवरून महामार्ग गेला. २९ फिती, सुमारे ६ तासांचं चित्रण, येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, त्यांचा समावेश झाला. येलने त्या डिजिटल केल्या आहेत. घरबसल्या, फुकट बघता येतात.