बॉब हॉटन : चौघांची एक रेघ

म्युनिकचं ऑलिंपिक स्टेडियम, ३० मे १९७९. युरोपियन कप या क्लब फुटबॉल स्पर्धेची अंतिम लढत. लाल शर्टात इंग्लंडचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट, मॅनेजर ब्रायन क्लफ. समोर स्वीडनचा मालमो, आणि त्यांचाही मॅनेजर इंग्रजच. बॉब हॉटन, वय ३१. मध्यंतर होता होता डावीकडून फॉरेस्टच्या रॉबर्टसनचा चेंडू गोलसमोर येतो, ट्रेव्हर फ्रान्सिस डोकं लावतो. १-०. तेवढ्यावर फॉरेस्ट कप नेतं.

या सामन्यातला हा गोल सगळ्यांनी पाहिलाय. आता मालमोचे चार बचावपटू बघा. चेंडू उजवीकडे गेला, की चौघंही उजवीकडे सरकतात. कुणीही एखाद्या आघाडीवीराच्या मागे मैदानभर धावत नाही. राखायची ती जागा. समोरच्यानं चेंडू मागे दिला, की चौघं एकदम पुढे येतात आणि त्यांच्या पाठीशी राहिलेला आघाडीवीर ऑफसाइड, म्हणजे नियमबाह्य जागी. स्वीडनमध्ये तोवर माणसाला माणूस लावायची पद्धत होती. हॉटन यांनी ती मोडली. त्यासाठी एकच हालचाल सरावात पुन्हा पुन्हा, जमेपर्यंत. टीकाकार म्हणाले, यांनी खेळाचं यंत्र केलं. पण साध्या क्लबला युरोपच्या अंतिम फेरीत नेणारी शिस्त अशीच घडते.

खेळाडू म्हणून हॉटन फुलहॅममध्ये तयार झाले, पण नाव झालं नाही. विशीतच ते हेस्टिंग्ज, मेडस्टोन अशा छोट्या क्लबांत प्रशिक्षणाकडे वळले. १९७४ मध्ये मालमोनं संघ त्यांच्या हाती दिला, तेव्हा ते २६ वर्षांचे होते. दोन वर्षांनी त्यांचे शाळासोबती रॉय हॉजसन हाल्मस्टाड या स्वीडिश क्लबला मॅनेजर म्हणून आले. १९७४ ते १९७९ या सहा हंगामांतली पाच लीग विजेतेपदं या दोघांच्या संघांची.

हे दिल्लीचं आंबेडकर स्टेडियम. २००६ मध्ये हॉटन भारताचे प्रशिक्षक झाले. बचावात महेश गवळी, समीर नाईक, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स, ही आपली गोव्याची मुलं. त्यांनाही तोच धडा : अंतर राखा, एकत्र सरका. २००७ मध्ये इथंच सीरियाला १-० हरवून भारतानं पहिल्यांदा नेहरू चषक जिंकला. १३ ऑगस्ट २००८, एएफसी चॅलेंज कपची अंतिम लढत, समोर ताजिकिस्तान. हा सुनील छेत्रीचा पहिला गोल. हा दुसरा. आणि हा तिसरा! भारत ४-१. या विजयानं २०११ च्या आशियाई चषकाचं दार उघडलं; तिथं भारत २७ वर्षांनी खेळणार होता.

दोहामध्ये, जानेवारी २०११ ला, भारत तिन्ही सामने हरला. त्याच वर्षी हॉटन यांनी भारताचं प्रशिक्षकपद सोडलं.

महेश गवळी पुढे भारतीय संघाचे सहप्रशिक्षक झाले.