पडद्यावरची कामाची माणसे

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या काही काळात पाहिलेल्या चित्रपटांविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. मी समीक्षक नाही. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात मी हिशेब लिहितो आणि वर्षाकाठी पाच-सहा चित्रपट थिएटरात जाऊन, तिकीट काढून पाहतो. कॅमेरा कुठे लावला होता, संकलन कसे झाले, याबद्दल मी बोलू लागलो तर ते उसने बोलणे होईल. चित्रपट पाहताना मी पहिल्यापासून एकाच गोष्टीकडे लक्ष देत आलो आहे, तिच्याबद्दलच बोलतो.

ही सवय मला वडिलांमुळे लागली. वडील लक्ष्मी-विष्णू गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. पगार झाला की त्या आठवड्यात ते आम्हा भावंडांना सिनेमाला नेत आणि परतताना रस्त्यात एकच प्रश्न विचारत, "त्यातला हिरो पोटाला काय करत होता रे?" आम्हाला गाणी आठवत, मारामारी आठवे, पण हिरोचा धंदा आठवत नसे, कारण बहुतेक वेळा तो दाखवलेलाच नसे. एकदा पडद्यावर गिरणी दिसली. नायक साच्यासमोर उभा राहून मालकाला उद्देशून लांबलचक भाषण करत होता. वडील अंधारात माझ्याकडे वाकून म्हणाले, "हात बघ कुठं ठेवलाय. धोटा आला तर बोटं राहतील का?" धोटा म्हणजे साच्यात आडवा धागा घेऊन वेगाने इकडून तिकडे धावणारा तुकडा. साचे चालू असताना शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही, मग भाषण कुठून ऐकू येणार, हे त्यांनी घरी आल्यावर आईलाही सांगितले. तेव्हापासून पडद्यावरचा माणूस काम करतो का, आणि करत असेल तर ते काम त्याला येते असे वाटते का, हे मी पाहू लागलो. गिरणीचा भोंगा थांबून कितीतरी वर्षे झाली, वडीलही गेले, सवय मात्र राहिली.

आपल्या जिल्ह्याचा अभिमान असलेल्या 'सैराट'पासून सुरुवात करतो, कारण पुढच्या चित्रपटांची मोजपट्टी माझ्यासाठी तोच आहे. एप्रिल २०१६ मध्ये तो आला तेव्हा करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी आणि अकलूजच्या रिंकू राजगुरूने केलेले काम पाहायला अख्खे सोलापूर लोटले होते. लोकांना त्यातली गाणी आठवतात आणि शेवटची शांतता आठवते. मला त्यातला हैदराबादचा भाग सर्वांत जास्त आठवतो. बुलेट चालवणारी, कुणाला न ऐकणारी पाटलाची आर्ची तिथे बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते आणि परश्या डोशाच्या टपरीवर राबतो. नवीन माणूस कारखान्यात पहिल्या दिवशी कसा अवघडून उभा राहतो, कुणाकडे बघावे हे त्याला कसे कळत नाही आणि काही महिन्यांनी त्याच जागेत तो कसा सैलावतो, हे मी रोज पाहतो. त्या मुलीच्या उभे राहण्यात ते सगळे होते. प्रेम टिकवायला दोघांना आठ तास राबावे लागते, हे इतक्या सरळपणे मराठी पडद्यावर मी त्याआधी पाहिले नव्हते.

आता अलीकडचे दोन चित्रपट घेऊ. 'नाच गं घुमा' आणि 'आता थांबायचं नाय!' हे दोन्ही चित्रपट महाराष्ट्र दिनी, म्हणजे कामगार दिनी, प्रदर्शित झाले. पहिला १ मे २०२४ रोजी आणि दुसरा बरोबर एका वर्षाने.

परेश मोकाशी यांचा 'नाच गं घुमा' मी पत्नीबरोबर आणि शेजारच्या अक्कांबरोबर पाहिला. अक्का तेलुगूभाषक, वयाने साठीच्या पुढच्या, आणि लहानपणापासून बिड्या वळत आलेल्या. नोकरी करणारी राणी आणि तिच्या घरी काम करणाऱ्या आशाताई यांची ही गोष्ट. राणी रागाच्या भरात आशाताईंना कामावरून काढून टाकते आणि मग तिचे सगळे घर विस्कटते. मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव या दोघींचे काम मला फार आवडले, पण माझ्या आवडण्यापेक्षा अक्कांचे मत महत्त्वाचे होते. दुसऱ्या दिवशी सुपातल्या तंबाखूवरचे हात न थांबवता त्या म्हणाल्या, "ती बाई कधी बोलते आन कधी गप बसते, ते बरोबर दाखवलंय." हजार बिड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या आणि त्यातल्या किती नापास होतील याची धास्ती बाळगणाऱ्या बाईला गप्प बसण्याचे मोल माहीत असते. अक्कांची तक्रारही होती आणि ती मला पूर्ण पटते. राणीचे घर आपल्याला कोपऱ्याकोपऱ्यातून दिसते, त्या मानाने आशाताईंचे घर कमी दिसते. जिच्या वेळेवर येण्याने दुसऱ्याचे घर चालते, ती स्वतःच्या घरातून किती वाजता निघते, निघण्याआधी काय काय उरकते, हे पाहायला आम्हाला आवडले असते.

शिवराज वायचळ यांचा 'आता थांबायचं नाय!' हा माझ्या मते या काळातला सर्वांत मनापासून केलेला मराठी चित्रपट आहे. मुंबई महापालिकेतल्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांनी रात्रशाळेत जाऊन दहावीची परीक्षा दिली, या खऱ्या घटनेवर तो आधारलेला आहे. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव या दोघांना आपण हसवणारे नट म्हणून ओळखतो. इथे ते दिवसभर शहराची घाण उपसणारी आणि संध्याकाळी बाकावर बसणारी माणसे झाले आहेत, आणि त्यांच्या खांद्यांत थकवा दिसतो. अभिनयात रडणे सोपे असावे, थकणे अवघड असावे, असे मला नेहमी वाटते. आशुतोष गोवारीकर यांचा अधिकारी आणि ओम भूतकर यांचा शिक्षक हेही विश्वास बसावा असे आहेत. काही प्रसंगांत पार्श्वसंगीत आपल्याला रडा असे सांगत राहते, ते टाळता आले असते. प्रसंगच इतके भरलेले होते की त्यांना त्या आधाराची गरज नव्हती.

या चित्रपटाने मला माझ्या टेबलाचा खण आठवला. पगार बँकेत जमा होऊ लागण्यापूर्वी माझ्या खणात निळ्या शाईचा पॅड असे. पगारपत्रकावर अंगठा उमटवणारे चांगले पंधरा-वीस कामगार होते, आणि त्यातले काही जण चादरीवरची नक्षी नुसती पाहून तिच्यातली चूक सांगणारे होते. अंगठा पुसायला मी त्यांना चिंधी देत असे. ती घेताना ते माझ्या नजरेला नजर देत नसत. त्यांच्यापैकी एकालाही रात्रशाळेविषयी विचारावे, असे मला त्या सगळ्या वर्षांत सुचले नाही, याची खंत थिएटरात बसल्या बसल्या मला वाटली आणि अजून वाटते.

'स्थळ' हा चित्रपट मार्च २०२५ मध्ये, जागतिक महिला दिनाच्या आदल्या दिवशी आला. जयंत दिगंबर सोमलकर यांनी तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यात, गावातल्याच माणसांना घेऊन केला आहे, आणि टोरांटोच्या महोत्सवात २०२३ साली त्याचा गौरव झाला होता. समाजशास्त्र शिकणारी सविता, तिला पुन्हा पुन्हा बघायला येणारे पाहुणे आणि तेच ते प्रश्न, एवढीच कथा. पण त्या कथेच्या आत कापसाची कथा आहे. लेकीच्या लग्नाचा खर्च कापसाच्या भावावर अडलेला आहे, आणि भाव चढेल म्हणून बाप माल धरून बसला आहे. श्रोतेहो, आमच्या कारखान्यात सुताचा भाव उतरला की आम्हाला हायसे वाटते. टॉवेलचा दर धरताना मी स्वतः त्या आकड्याखाली समाधानाने रेघ मारली आहे. त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या घरात पाट मांडून मुलीला बसवले जाते आणि उंची किती, शिक्षण किती, असे विचारले जाते, हा संबंध मला त्या चित्रपटाने दाखवला. कुणीही मोठ्याने न बोलता दाखवला, म्हणून तो अधिक लागला.

हा चित्रपट मी अर्ध्या दिवसाची रजा काढून पाहिला, कारण खेळ दुपारी होता आणि तो एकच होता. थिएटरात आम्ही अकरा जण होतो. पुढच्या आठवड्यात मी कारखान्यातल्या दोघांना पाठवायचे ठरवले, तोवर तो उतरला होता. मराठी चित्रपटाला प्रेक्षक येत नाहीत, असे आपण सहज म्हणून जातो. पण यंत्रमागावरच्या माणसाची पाळी ज्या वेळी चालू असते, त्याच वेळी त्याचा चित्रपट दाखवायचा आणि मग तो आला नाही म्हणायचे, हे मला न्यायाचे वाटत नाही. रात्रीचा एक खेळ आणि दुसऱ्या आठवड्याची मुदत, एवढे जरी अशा चित्रपटांना मिळाले, तरी तोंडोतोंडी बातमी पसरायला वेळ मिळेल.

'पाणी'ची वाट तर आपण वर्षानुवर्षे पाहिली. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला हा चित्रपट आपल्यापर्यंत ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहोचला. आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शनही केले आहे आणि नांदेड जिल्ह्यातल्या हनुमंत केंद्रे यांची भूमिकाही केली आहे. गावात पाणी नाही म्हणून लग्न ठरत नाही, आणि मग गावच पाणी अडवायला उभे राहते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आमच्या शहरात या गोष्टीची प्रस्तावना कुणाला करावी लागत नाही. कुदळ उचलणारी माणसे पहिल्या दिवशी जशी दिसतात, तशीच ती महिन्यांनंतरही थोडी ताजीतवानी दिसतात, एवढे एक मला खटकले.

मोठ्या चित्रपटांबद्दल थोडक्यात सांगतो. 'छावा'ला आमच्याकडे तिकिटे मिळेनाशी झाली होती आणि शेवटचा भाग संपल्यावर लोक बराच वेळ उठले नाहीत. मीही उठलो नाही. विकी कौशल यांनी जीव ओतून काम केले आहे. तरी संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारा, नऊ वर्षे राज्य चालवणारा राजा लढाई नसलेल्या दिवशी काय करत असेल, हे पाहण्याची माझी इच्छा अपुरी राहिली. आमच्या शहराच्या पूर्व भागात मोठा तेलुगू चित्रपट आला की सणासारखे वातावरण असते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये 'पुष्पा'च्या दुसऱ्या भागाला तसेच झाले. पहिल्या भागात पुष्पा रक्तचंदनाचे ओंडके वाहणारा मजूर होता, म्हणून मला तो जवळचा वाटला होता. दुसऱ्या भागात तो मालक झाला आहे आणि माझा त्याच्याशी संबंध उरला नाही.

'दशावतार'वर मात्र मला थांबायचे आहे. सुबोध खानोलकर यांचा हा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये आला. वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेले दिलीप प्रभावळकर त्यात बाबुली मेस्त्री या दशावतारी कलावंताची भूमिका करतात. डोळे अधू होत चाललेत, मुलगा पुरे आता म्हणतो, आणि तरी बाबुलीचा पाय रंगमंचाकडे वळतो. उत्तरार्धात कथा खाणीच्या प्रश्नाकडे आणि सूडाकडे वळते. प्रश्न खरा आहे, पण त्या भागात आवाज फार वाढतो आणि मला आधीचा शांत बाबुली हवासा वाटू लागतो. पूर्वार्धातला तो म्हातारा मात्र मी विसरणार नाही. वडिलांना गिरणीतल्या शेवटच्या वर्षांत तुटलेला धागा दिसेनासा झाला होता. ते कुणाला बोलले नाहीत. साच्याच्या आवाजात जरा फरक पडला की ते ओळखत, पुढे होत आणि बोटांनी चाचपून गाठ मारत. शेजारच्या साच्यावरच्या कामगारांना हे माहीत होते आणि त्यांनी ते सांभाळून घेतले. आईला ही गोष्ट वडील गेल्यावर कळली. पडद्यावर त्या कलावंताच्या हातांना सवयीनेच सगळे ठाऊक असलेले पाहताना मी पत्नीचा हात धरला, तेव्हा तिने काही विचारले नाही.

तो खेळ संपल्यावर आम्ही सगळ्यांत शेवटी उठलो. दाराशी एक बाई खराटा आणि सुपडी घेऊन आमच्या बाहेर पडण्याची वाट पाहत उभ्या होत्या, कारण पुढच्या खेळाआधी त्यांना सगळ्या रांगा झाडायच्या होत्या. माझ्या पत्नीने त्यांना विचारले, "मावशी, तुम्ही बघितला का हा सिनेमा?" त्या म्हणाल्या, "शेवटची धा मिनिटं बघितली. सगळ्याच सिनेमाची शेवटची धा मिनिटं बघते, दारात हुबं राहून." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "त्या म्हाताऱ्याचं सुरवातीला काय असतंय हो?"

पत्नी पुन्हा मागे वळली. मावशी पहिल्या रांगेपासून झाडत निघाल्या, आणि पत्नी त्यांच्याबरोबर एकेक रांग चालत त्यांना गोष्ट पहिल्यापासून सांगू लागली.