एकच रेझ्युमे चाळीस ठिकाणी पाठवलात? मग हे बघा

नमस्कार मंडळी. हा माझ्या मावसभावाचा रेझ्युमे. बी.कॉम., ठाण्यात एका सीएच्या ऑफिसात ३ वर्षं, राहायला डोंबिवली. वर ठळक अक्षरांत काय लिहिलंय? 'बायोडेटा'. खाली वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती. अरे, नोकरी शोधतोयस की स्थळ? फक्त गोत्र आणि उंची राहिलीय!

हाच कागद चाळीस ठिकाणी गेला. फोन एकही नाही. आणि गंमत म्हणजे पोरगं कामाला पक्कं आहे.

आता त्यातल्या दोन जाहिराती बघू. एक अंधेरीच्या एक्सपोर्टवाल्याची: जीएसटी रिटर्न, एक्सपोर्ट इन्व्हॉइस, एलयूटीची (कर न भरता निर्यात करण्यासाठी द्यायचं हमीपत्र) माहिती हवी. दुसरी दादरची, हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब सांभाळणाऱ्यांची: मेंटेनन्सची बिलं, थकबाकी, ऑडिटची तयारी. दोन्हीकडे पद 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह'. याने दोघांनाही पाठवलेली ओळ एकच: 'अकाउंट्सची सर्व कामे पाहिली.'

सर्व म्हणजे काय रे? त्याला चहा पाजला आणि विचारलं, सकाळी दहाला खुर्चीत बसलास की नक्की करायचास काय? तेव्हा एकेक बाहेर यायला लागलं. एक क्लायंट कपडे एक्सपोर्ट करायचा. आयजीएसटी, म्हणजे निर्यातीवर लागू होणारा जीएसटी, न भरता माल बाहेर पाठवायचा तर एलयूटी लागतं, ते दर आर्थिक वर्षी हाच भरायचा. जीएसटीआर-वन या विक्रीच्या रिटर्नमध्ये शिपिंग बिलाचा, म्हणजे कस्टम्सकडच्या निर्यातीच्या कागदाचा, नंबर-तारीख हाच चढवायचा. खरेदीचं रजिस्टर टू-बीशी (पोर्टलवर दिसणारी खरेदीवरच्या कराची यादी) ताडून २० तारखेच्या आत थ्री-बी, म्हणजे महिन्याचं कर भरायचं रिटर्न. शिवाय ९ सोसायट्यांची बिलं, सिंकिंग फंडाचा (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेले पैसे) वेगळा हिशेब, थकबाकीदारांच्या याद्या. एवढं सगळं त्या एका 'सर्व'खाली गाडलं होतं!

मग अंधेरीसाठी पहिली ओळ अशी केली: 'कपडे निर्यातदाराचं जीएसटी काम ३ वर्षं सांभाळलं: एलयूटी, एक्सपोर्ट इन्व्हॉइसच्या नोंदी, टू-बी ताळमेळ, मासिक थ्री-बी.' सोसायट्या खाली, एका ओळीत. दादरसाठी बरोबर उलटं: '९ सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं, सिंकिंग फंड, थकबाकी आणि ऑडिटची तयारी' वर, एक्सपोर्टवाला खाली. माणूस तोच, काम तेच. ज्याला जे हवंय ते आधी दिसलं पाहिजे, एवढंच.

साहेब मग चढले. म्हणे, 'शिपिंग बिल बनवतो' असं लिहू का? नाही! ते कस्टम ब्रोकर भरतो, तू फक्त नंबर चढवलास. इंटरव्ह्यूत दुसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडं पडेल.

शब्द मात्र जाहिरातीतलेच वापरा. मोठ्या कंपन्या रेझ्युमे आधी सॉफ्टवेअरमध्ये टाकून शब्दांनी शोधतात. त्यांनी 'रिकन्सिलिएशन' लिहिलंय आणि तुम्ही 'हिशेब जुळवले', तर सापडायचं कसं? दोन कॉलम आणि रंगीत चौकटींचे सुंदर नमुनेही नकोत, सॉफ्टवेअरला कधी कधी ते धड वाचता येत नाहीत. साधी पीडीएफ बरी.

कव्हर लेटर चार-पाच वाक्यांचं पुरे. पण ते नव्याने लिहा. मी एकदा बॅलार्ड इस्टेटच्या एका शिपिंग ऑफिसला जुनंच चिकटवून पाठवलं होतं. समोरच्या बाईंनी शांतपणे वाचून दाखवलं, 'मला लहानपणापासून बँकिंगची आवड आहे.' पुढे, 'मग इकडे कसे?' चहाही आला नाही.

अजून एक, खास आपल्या मुंबईचं. पत्ता डोंबिवलीचा आणि ऑफिस अंधेरीचं असेल, तर वाचणाऱ्याच्या मनात येतंच, हा टिकेल का? पूर्ण पत्ता नकोच, 'डोंबिवली' पुरे. आणि लेटरमध्ये सरळ लिहा: घाटकोपरहून मेट्रोने येईन, साडेनऊला हजर राहू शकतो. खरंच जमणार असेल तरच, हं.

पाठवलेला प्रत्येक रेझ्युमे त्या जाहिरातीच्या स्क्रीनशॉटसोबत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. जाहिरात पोर्टलवरून उडते. आणि फोन कधी येतो? तुम्ही ठाण्याच्या फलाटावर, गाडी आत शिरतेय, आणि पलीकडून आवाज: 'आपण आमच्याकडे अप्लाय केलं होतं ना?' अशा वेळी 'कुठली कंपनी?' विचारलंत, की गाडीही गेली आणि नोकरीही. मावसभावाने परवा गाडी सोडली आणि फोल्डर उघडलं. मंगळवारी त्याला दादरला बोलावलंय.