आधी छप्पर, मग एसी

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या गोव्यात एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या आरंभी भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्या दिवसांत सर्वांत जास्त ऊन भिंती नव्हे, छप्पर झेलतं. दिवसभर तापलेली स्लॅब ती उष्णता रात्री खाली सोडत राहते. म्हणूनच बाहेर वारा सुटला तरी वरच्या मजल्यावर झोप लागत नाही. अशा खोलीत एसी बसवला, तर त्याची बरीच मेहनत स्लॅबची धग काढण्यातच जाते.

तेव्हा माझं आग्रहाचं सांगणं आहे, पैसे आधी गच्चीवर घाला. ऊन परतवणारा पांढरा रंग द्या, नाहीतर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवून घ्या. घर आपण गणेश चवथीच्या आधी रंगवतो, पण गच्चीला तो मुहूर्त चालत नाही. ओल्या स्लॅबवरच्या रंगाला पोपडे येतात. पाऊस सरून स्लॅब पुरती सुकली, की नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान हे काम काढा. आधी गळती बुजवा, मग रंग. आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर शेवाळ घासून काढा, कारण काळी पडलेली गच्ची पुन्हा ऊन शोषू लागते.

पावसासाठी अनेकांनी स्लॅबवर पत्र्याची शेड घातली आहे. तिची सावली उपयोगाचीच, फक्त बाजू मोकळ्या हव्यात. त्या बंद केल्या की तापलेली हवा तिथेच कोंडते.

पश्चिमेच्या खिडकीचं ऊन काचेच्या बाहेरच अडवा, छज्जाने किंवा बांबूच्या चिकाने. काचेतून आत आलेली उष्णता आतला पडदा फारशी परत पाठवू शकत नाही. जुन्या चिरेबंदी घरांची पुढे आलेली वळचण हेच काम करायची.

आपली हवा दमट, त्यामुळे पाण्याचा कूलर इथे कामाचा नाही. घाम सुकवायला वारा हवा. जुना पंखा साधारण 75 वॉट वीज घेतो, कमी विजेवर चालणाऱ्या ब्रशलेस मोटरचा, म्हणजे बीएलडीसी पंखा 30च्या आसपास. रोज 10 तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला साधारण साडेतेरा युनिट वाचतात.

एसी लागलाच, तर 24 अंशांवर आणि सोबत पंखा. दारांच्या फटी बुजवा, कारण आत शिरणाऱ्या दमट हवेतलं पाणी काढण्यातच बरीच वीज खर्च होते. उघड्या कौलांखाली तर एसी लावूच नका. आधी सिलिंग करून घ्या, आणि सिलिंगच्या वर साठणारी गरम हवा बाहेर पडायला दोन्ही टोकांना झरोके ठेवा.